लाटेचे भाकीत आणि किनाऱ्यावरची गर्दी

हिवाळ्यातील पहिली वादळे भूमध्य समुद्रावर येऊ लागली, म्हणजे आपल्या घरांतील तरुण मंडळींच्या बोलण्यात एक निराळेच पंचांग सुरू होते. मंगळवारी लाट किती मीटरची, तिचा आवर्तनकाल किती सेकंदांचा, वारा कोणत्या दिशेचा, अश्दोदला जावे की हैफाला, आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत कळकळीने विचारला जाणारा प्रश्न हा, की त्या दिवशी पाण्यात माणसे किती असतील? फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याच्या ज्या क्रीडेला हिब्रूत 'गलिशा' आणि इंग्रजीत 'सर्फिंग' म्हणतात, तिच्यासाठी सहल आखणे हे आता एक शास्त्रच होऊन बसले आहे. घरातील वडीलधाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. परंतु या पंचांगामागे जो इतिहास आहे तो बहुतेकांना, खुद्द ही मुले धरून, ठाऊक नसतो. तो मोठा आहे, आणि त्यात आपल्या ज्यू बांधवांचा वाटाही अनपेक्षित म्हणावा इतका आहे.

लाटा केव्हा येतील आणि माणसे किती येतील, हे दोन प्रश्न प्रथमदर्शनी एकमेकांपासून स्वतंत्र वाटतात. एक निसर्गाचा, दुसरा समाजाचा. विसाव्या शतकात पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यात माणसाने विलक्षण यश मिळविले. त्या यशानेच दुसरा प्रश्न अधिक बिकट करून ठेवला, हे मला या लेखात सांगावयाचे आहे.

आपले पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर राहिले. किंबहुना आपली परंपराच मुळी एका फुटलेल्या गलबतापासून सुरू होते. नवगावजवळ गलबत बुडाले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुढे घाण्यावर तेल गाळून उपजीविका करणाऱ्या त्यांच्या वंशजांना समुद्र रोज दिसत होता, तरी त्यांचे पोट त्यावर अवलंबून नव्हते. ज्यांचे होते त्या कोळी बांधवांपाशी लाटांचे ज्ञान खोल होते. मात्र ते प्रामुख्याने 'केव्हा जाऊ नये' याचे ज्ञान होते. ज्येष्ठ-आषाढात होड्या ओढून किनाऱ्यावर घ्यावयाच्या, आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून पुन्हा लोटावयाच्या. उधाणाची भरती कोणती आणि भांगाची कोणती, पहाटेचा मतलई वारा केव्हा पडतो आणि दुपारचा खारा वारा केव्हा उठतो, हे त्यांच्या मुलांना शाळेत शिकवावे लागत नसे. लाट ही टाळण्याची वस्तू होती. तिच्या शोधात कोणी घरून निघावे ही कल्पना कोकणात कोणाला सुचली नाही.

ती सुचली पॅसिफिक महासागरातील बेटांवर. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील अधिकारी जेम्स किंग याने १७७९ साली हवाई बेटावरील केआलाकेकुआ उपसागरात स्थानिक लोकांना फळ्यांवरून लाटांशी खेळताना पाहिले आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. त्या लोकांना भाकिताची गरज नव्हती, कारण ते लाटेच्या दारातच राहत होते. लाट आली की हातातले काम टाकून पाण्यात शिरावे, एवढेच. हवाईच्या उत्तर किनाऱ्यांवर हिवाळ्यात मोठ्या लाटा येतात आणि दक्षिण किनाऱ्यांवर उन्हाळ्यात, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. असे का होते, विशेषतः आकाश निरभ्र आणि वारा शांत असता उन्हाळ्यातल्या त्या लांबलचक लाटा कोठून येतात, याचे उत्तर मिळण्यास मात्र १९६३ साल उजाडावे लागले.

ते उत्तर ज्याने मिळविले त्या वॉल्टर मुंक याचा जन्म १९१७ साली व्हिएन्ना येथे ज्यू कुळातील एका संपन्न घराण्यात झाला. मुलाने पेढीच्या व्यवसायात पडावे या हेतूने घरच्यांनी त्याला १९३२ साली, म्हणजे चौदाव्या-पंधराव्या वर्षी, न्यूयॉर्कला धाडले. पेढीत त्याचे मन रमले नाही. तो कॅलिफोर्नियात जाऊन पदार्थविज्ञान शिकला, आणि १९३९ साली ला होया येथील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत दाखल झाला. तिचे संचालक त्या वेळी हाराल्ड स्वेरड्रुप हे नॉर्वेजियन शास्त्रज्ञ होते. मधल्या काळात, १९३८ साली, हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केले होते. मुंकला परत जाण्यासारखा देश उरला नव्हता.

१९४२ साली अमेरिकी सैन्य उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरण्याची गुप्त तयारी करीत होते. सैनिकांना किनाऱ्यावर पोहोचविणाऱ्या सपाट बुडाच्या होड्यांचा सराव कॅरोलिना प्रांताच्या किनाऱ्यावर चाले. लाटा पाच-सहा फुटांच्या वर गेल्या की होड्या आडव्या होऊन उलटत, आणि त्या दिवसाचा सराव रद्द होई. मुंकने मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्याची माहिती धुंडाळली, तेव्हा हिवाळ्यात तेथे याहून उंच लाटा नेहमीच असतात असे त्याला आढळले. सराव रद्द करता येतो, स्वारी अर्ध्यावर रद्द करता येत नाही. चोवीस-पंचवीस वर्षांच्या या तरुणाने वरिष्ठांकडे ही भीती बोलून दाखविली आणि आपल्या गुरूला, स्वेरड्रुप यांना, मदतीस बोलाविले.

त्या दोघांनी जी पद्धत बसविली तिचा गाभा कोणाही विद्यार्थ्याला समजावा इतका सरळ आहे. वाऱ्यापासून लाट निर्माण होते. ती किती मोठी होईल हे तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती तास वाहिला, आणि त्याला पाण्यावर किती लांबीची मोकळी धाव मिळाली. हवामानाच्या नकाशावरून या तिन्ही गोष्टी काढता येतात. वादळाच्या क्षेत्रातून बाहेर पडल्यावर लाट वाऱ्यावाचून स्वतःच पुढे जाते. तिचा प्रवास किती दिवसांचा आणि किनाऱ्याशी उथळ पाण्यात शिरताना तिची उंची काय होईल, याचे गणित मांडता येते. येथे एक गंमत सांगावीशी वाटते. लाटेची उंची म्हणजे नेमके काय? समुद्रात सर्व आकारांच्या लाटा एकत्र मिसळलेल्या असतात. तेव्हा होड्यांच्या सुकाणूवाल्यांनाच विचारण्यात आले, की आज लाट किती? ते सांगत तो आकडा सगळ्या लाटांच्या सरासरीशी जुळेना. तो सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांच्या सरासरीशी जुळला. माणसाची नजर लहान लाटांची गणती करीतच नाही. खलाशांच्या या नजरेवरूनच शास्त्रातील लाटेच्या उंचीची व्याख्या ठरली.

नोव्हेंबर १९४२ मध्ये मोरोक्कोच्या किनाऱ्यावर, पुढे सिसिलीत, आणि ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत सैन्य उतरले, तेव्हा या पद्धतीने काढलेली भाकिते सेनानींच्या हाती होती. नॉर्मंडीची स्वारी ५ जूनला ठरली होती. खराब हवेमुळे ती एक दिवस पुढे ढकलली गेली, आणि समुद्र खवळलेला असला तरी उतरणे शक्य आहे असा अंदाज ६ जूनसाठी मिळाला. ज्याचा देश नाझींनी घेतला, त्याच्या गणिताने नाझींच्या भिंतीपर्यंत होड्या पोहोचविल्या. इतिहास असा न्याय क्वचितच करतो. मुंकला दीर्घायुष्य लाभले. २०१९ साली तो वारला तेव्हा त्याचे वय १०१ वर्षांचे होते.

शांततेच्या काळातही लाटांनी त्याची पाठ सोडली नाही. मेक्सिकोजवळच्या ग्वादालुपे बेटापाशी समुद्रतळावर ठेवलेल्या दाबमापकांनी अशा काही मंद, लांब लाटा नोंदल्या, की त्यांचा उगम थेट हिंदी महासागरात असावा असे हिशेबाने निघाले. दूरवरून येणाऱ्या लाटांचा एक नियम आहे. खोल पाण्यात ज्या लाटेचा आवर्तनकाल मोठा, ती जलद धावते. वीस सेकंदांच्या लाटांचा समूह ताशी सुमारे ५६ किलोमीटर जातो, तर दहा सेकंदांचा त्याच्या निम्म्या वेगाने. म्हणून वादळाच्या जागेहून सर्व लाटा एकाच वेळी निघाल्या, तरी किनाऱ्यावर प्रथम लांब लाटा येतात आणि मागाहून आखूड. शर्यतीत सर्व मुले एकदम सुटली आणि पहिल्या-शेवटच्या मुलामधले अंतर पाहून मैदान किती लांब होते हे ओळखावे, तसे या लाटांच्या क्रमावरून वादळ किती दूर होते हे काढता येते.

१९६३ साली मुंक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. अंटार्क्टिकाजवळच्या वादळांतून निघालेल्या लाटांचा माग त्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत संपूर्ण पॅसिफिकवर काढला. न्यूझीलंड, सामोआ, पाल्मायरा, हवाई आणि अलास्का येथे ठाणी मांडली. स्वतः मुंक कुटुंबासह सामोआत जाऊन राहिला. हवाई आणि अलास्का यांच्या मधल्या विस्तीर्ण पाण्यात बेटच नाही. तेथे 'फ्लिप' नावाचे अजब जहाज उभे केले. उभे केले हा शब्द मी जाणूनबुजून वापरते; १०८ मीटर लांबीचे हे जहाज एका टोकात पाणी भरून घेऊन समुद्रात खांबासारखे सरळ उभे राही, आणि त्याच्यावरील माणसे काटकोनात वळलेल्या खोल्यांतून काम करीत. या खटाटोपातून निष्पन्न झाले ते हे, की दक्षिण गोलार्धातील हिवाळी वादळाची लाट दहा हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करूनही फारशी क्षीण होत नाही, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी उत्तर गोलार्धातील उन्हाळी किनाऱ्यावर ठरल्या वेळी हजर होते. हवाईच्या दक्षिण किनाऱ्यावरील शांत दिवसांच्या लाटांचे कोडे असे उलगडले. केरळचे मच्छीमार वारा नसता अचानक चढून येणाऱ्या समुद्राला 'कळ्ळक्कडल', म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र म्हणतात. त्या चोराचे घरही दक्षिणेकडील त्याच थंड प्रदेशात आहे. याच प्रयोगातील एक तरुण सहकारी क्लाउस हासेलमान याने पुढे लाटांचे गणित यंत्रगणकावर आणण्याचे काम केले. हवामानविषयक संशोधनासाठी २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकाचा तो एक मानकरी ठरला.

हे ज्ञान लाटस्वारांच्या हाती पडण्यापूर्वीच त्यांची संख्या फुगू लागली होती. तिकडे आता वळू.

फ्रेडरिक कोनर हा बोहेमियात, टेप्लिट्झ गावी, १९०५ साली जन्मलेला ज्यू लेखक. बर्लिनच्या चित्रपटसृष्टीत त्याचे बस्तान बसत होते. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि त्याने लिहिलेल्या चित्रपटाच्या नामावलीतून त्याचे नाव पुसले गेले. तो बाहेर पडला आणि अखेर हॉलिवुडला पोहोचला. १९५६ च्या उन्हाळ्यात त्याची पंधरा वर्षांची मुलगी लॉस एंजेलिसजवळच्या मालिबू किनाऱ्यावर लाटस्वारांच्या टोळक्यात मिसळू लागली. घरी येऊन ती जे सांगे त्यावरून बापाने कादंबरी लिहिली. 'गिजेट' ही ती कादंबरी १९५७ साली निघाली आणि १९५९ साली तिचा चित्रपट झाला. मालिबूचा किनारा त्यापूर्वी थोड्या लोकांचा होता; चित्रपटानंतर तो सर्वांचा झाला. जुन्या लाटस्वारांनी या पुस्तकाला मनापासून शिव्या दिल्या. मला मात्र त्या बापाची बाजू समजते. परक्या देशात, परक्या भाषेत, मुलीची बोली कान देऊन ऐकणारा तो निर्वासित माणूस होता. स्थलांतर केलेल्या आईबापांना मुलांची नवी भाषा अशीच ऐकून ऐकून शिकावी लागते, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

दोष एकट्या कोनरचा नव्हता. पूर्वीच्या लाकडी फळ्या अवजड असत. १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात फेसाळ प्लॅस्टिकच्या हलक्या फळ्या कारखान्यात बनू लागल्या. थंड पाण्यात घालावयाचा रबरी पोशाखही त्याच दशकातला. फळी हलकी झाल्यामुळे मुलेमुली येऊ शकली, आणि पोशाखामुळे हिवाळाही मोकळा झाला. गर्दीचे निमित्त कादंबरी, पण कारणे ही.

गर्दी म्हणजे येथे केवळ गैरसोय नव्हे. एका लाटेवर बहुधा एकाच माणसाला नीट उभे राहता येते. जेथे लाट प्रथम फुटू लागते त्या टोकाला जो सर्वांत जवळ, त्याची ती लाट, असा अलिखित नियम आहे. दुसऱ्याने मध्ये घुसल्यास फळीवर फळी आपटून डोकी फुटतात. रांगेचा नियम आपल्या या देशात किती श्रद्धेने पाळला जातो ते वाचक जाणतातच. दहा माणसांत हा नियम चालतो, साठांत तो मोडतो, आणि मग 'हा किनारा आमचा' ही भाषा सुरू होते.

गर्दीवर पहिला उपाय निघाला तो प्रवासाचा. ब्रूस ब्राऊन याने 'द एंडलेस समर' हा माहितीपट १९६० च्या दशकात काढला. दोन तरुण फळ्या घेऊन आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ताहिती अशी पृथ्वीप्रदक्षिणा करतात. बेत एवढाच, की उन्हाळ्याच्या मागोमाग चालत राहावयाचे. दक्षिण आफ्रिकेत केप सेंट फ्रान्सिस येथे वाळूच्या टेकड्या ओलांडून ते जातात आणि समोर त्यांना निर्दोष लाट दिसते, एकही माणूस नसलेली. जगभरच्या तरुणांना या दृश्याने वेड लावले. वस्तुतः ती लाट तशी क्वचितच फुटते. त्या दिवशी ती फुटली हे नशीब. आजच्या हिशेबाने पाहिले तर त्यांनी काहीच आखले नव्हते.

दुसरा उपाय लपवाछपवीचा. १९७४ साली लॅरी येट्स याने एका बेटावरच्या लाटांचा चित्रपट काढला आणि बेटाचे खरे नाव न देता त्याला 'संतोषा' म्हटले. नाव आपल्याच 'संतोष' शब्दाचे. ते बेट मॉरिशस होते आणि लाटा तेथील तामारिन उपसागराच्या. ज्या मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडील मराठी कुटुंबे उसाच्या मळ्यांवर गेली, त्याच मॉरिशसला कॅलिफोर्नियाच्या माणसाने आपल्या भाषेतल्या शब्दाने झाकावे, हा योगायोग मोठा मजेचा आहे. गुपित अर्थातच टिकले नाही. नकाशावर बोट ठेवणारे पुष्कळ निघाले, आणि तामारिनचे स्थानिक लाटस्वार परक्यांशी कठोर वागतात असा लौकिक पुढे पसरला. आपल्या घरासमोरची लाट जगाच्या पडद्यावर गेल्यावर त्यांनी दुसरे काय करावयाचे होते?

येथवर सहलीचा बेत ऐकीव माहितीवर आणि ऋतूच्या ढोबळ ज्ञानावर चालत होता. १९८५ साली दक्षिण कॅलिफोर्नियात 'सर्फलाइन' ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. पैसे भरून क्रमांक फिरवावयाचा आणि आज लाट किती, उद्या किती, हे ऐकावयाचे. तिच्या भाकितांमागे शॉन कॉलिन्स नावाचा लाटस्वार होता. दक्षिण गोलार्धाचे हवामान-नकाशे मिळवून, अंटार्क्टिकाकडील वादळाची लाट कॅलिफोर्नियास केव्हा लागेल, हे तो स्वतः मांडी. मुंकने सैनिकांसाठी जे केले तेच हा आता खेळाडूंसाठी करीत होता. फरक एवढाच, की सेनापतीला लाट नको होती आणि याच्या गिऱ्हाइकांना ती हवी होती. १९९० च्या दशकात यंत्रगणकावरील लाटांची प्रतिमाने सरकारी हवामान संस्थांकडून सर्वांस खुली झाली. किनाऱ्यांवर कॅमेरे बसले. आणि पुढे हे सारे खिशातल्या दूरध्वनीत आले.

परिणाम काय झाला? पूर्वी चांगला दिवस ओळखण्यासाठी किनाऱ्याजवळ राहावे लागे, वर्षानुवर्षे पाहावे लागे, आणि दहा खेपांपैकी सात फुकट घालवाव्या लागत. ज्ञानाची किंमत वेळेत मोजावी लागे, आणि ज्याने ती मोजली त्याला लाट मिळे. आता पाच दिवस आधी सर्वांना एकच आकडा दिसतो. सर्व जण एकाच दिवशी रजा काढतात, एकाच किनाऱ्यावर गाड्या लावतात. लाटेला भाकिताची वार्ता नसते. ती सांगितली म्हणून बदलत नाही. माणसांच्या गर्दीचे तसे नाही. 'बुधवारी पहाटे कोणी नसेल' असे जाहीर केले की बुधवारी पहाटे गर्दी होते. म्हणून पहिल्या प्रश्नाला पदार्थविज्ञानाने उत्तर दिले, दुसऱ्याला ते देता येत नाही. कॉलिन्स २०११ साली वारला. एक पिढी त्याला गुरू मानी आणि दुसरी किनारे बिघडविणारा. दोन्ही म्हणणी खरी आहेत असे माझे मत आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. इस्रायलमध्ये जीवरक्षक 'हसाके' नावाच्या रुंद, सपाट फळीवर वल्हे घेऊन उभे राहत आणि लाटेवरून परतत. त्यामुळे उभ्याने लाट पार करण्याची कला येथे अगदीच अपरिचित नव्हती. परंतु आधुनिक सर्फिंगची फळी येथे आणली डोरियन पास्कोविट्झ या ज्यू डॉक्टराने. टेक्ससमधील गॅल्व्हस्टनचा हा माणूस स्टॅनफर्डमध्ये वैद्यक शिकलेला होता. १९५६ साली सुएझच्या पेचप्रसंगात सैन्यात भरती होण्यास तो इस्रायलला आला. सैन्याने त्याला घेतले नाही. तेव्हा त्याने तेल अवीवच्या किनाऱ्यावर फळी पाण्यात टाकली आणि जवळच्या जीवरक्षकांना तिचा नाद लावला. पुढे त्याने आपल्या नऊ मुलांना एका लहानशा फिरत्या गाडीत वाढविले, आणि शाळेत घातलेच नाही! शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला हे मान्य होणे शक्य नाही. पण येथील लाटस्वारांच्या दोन पिढ्या त्याच्याच शिकवणुकीतून निघाल्या हेही नाकारता येत नाही. २००७ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, तो गाझातील लाटस्वारांना फळ्या देण्यासाठी एरेझच्या नाक्यावर गेला होता. अश्कलोनला जी लाट लागते तीच तेथेही लागते. २०१४ साली तो निवर्तला.

आपला समुद्र पॅसिफिकसारखा उदार नाही. येथे दहा हजार किलोमीटरांवरून येणारी लाट नाही, कारण तेवढे पाणीच नाही. आपल्या लाटा हिवाळ्यात सायप्रसच्या आसपास येणाऱ्या कमी दाबाच्या वादळांपासून निर्माण होतात. क्रीट बेटापासून आपला किनारा आठ-नऊशे किलोमीटर. आठ सेकंदांच्या लाटेला हे अंतर तोडण्यास सुमारे दीड दिवस पुरतो. म्हणून येथे बेत दोन-तीन दिवस आधीच आखावा. आठवडाभर आधीच्या आकड्यावर रजा टाकणारा बहुधा फसतो. शिवाय वादळ आणि लाट येथे बरोबरच येतात. पहिल्या दिवशी नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा वारा लाटांची मोडतोड करून टाकतो, आणि पाणी नुसते उकळत असते. वादळ पुढे सरकले, वारा पडला, आणि रात्रीच्या थंडीने जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा पूर्वेचा वारा सुटला, म्हणजे लाटांची तोंडे गुळगुळीत होतात. कोकणचा पहाटेचा मतलई वारा तो हाच. म्हणजे लाट सर्वांत उंच असेल तो दिवस नव्हे, तर त्याच्या दुसऱ्या दिवसाची पहाट धरावी. उंची थोडी कमी मिळेल, पण आवर्तनकाल टिकून असेल आणि पाणी नीटस असेल.

भरती-ओहोटीची चिंता येथे थोडी. मुंबईस उधाणाचे पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते. इस्रायलच्या किनाऱ्यावर हा फरक दीड फुटाच्या आतबाहेरचा. त्यामुळे भरतीचे कोष्टक पाहून निघण्याचे कारण नाही. वाळूचे बांध मात्र प्रत्येक वादळात हलतात, आणि मागल्या महिन्यात जेथे लाट सुरेख फुटली तेथे या महिन्यात ती फुटेलच असे नाही.

राहिली गर्दी. शुक्रवार आणि शनिवार हे सुटीचे दिवस, त्यांतही शनिवारी किनारा भरून जातो. शब्बाथ पाळणाऱ्या आपल्या कुटुंबांतील मुलांसाठी हा प्रश्न आपोआप सुटलेला आहे. त्यांना रविवार ते गुरुवारच मोकळे. पण हिवाळ्यात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा शाळा किंवा कचेरी सुटल्यावर जाण्यात अर्थ नाही. उरते ती पहाटच. तेल अवीवच्या हिल्टन किनाऱ्यावर किंवा हैफाच्या बत गालीम येथे कॅमेऱ्यात जे दिसते ते सर्व देशाला दिसते, म्हणून जाणती मुले कॅमेरा नसलेल्या, गाडी लावून दहा-पंधरा मिनिटे चालावे लागणाऱ्या जागा निवडतात, आणि त्या जागांची नावे बाहेर सांगत नाहीत. माझ्या वर्गातील एका मुलाने मला अशी एक जागा सांगितली, आणि लगोलग ती कोणाला न सांगण्याचे वचनही घेतले. ते मी पाळते आहे.

एक गोष्ट पालकांसाठी. हिवाळ्यात बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात, आणि नवशिक्या मुलांना कमी गर्दीच्या जागेचा मोह अधिक. मोकळ्या किनाऱ्यावर मदतीलाही कोणी नसते हे त्यांना आठवत नाही. हैफा आणि अश्दोद येथील समुद्रात लाटा मोजणारी तरंगती यंत्रे आहेत, आणि तेथून येणारे आकडे मुले रोज पाहतात. त्या आकड्याचा अर्थ अजूनही तोच आहे, जो खलाशांच्या नजरेवरून ठरला होता: सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून येणारी एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. दोन मीटरचा आकडा वाचून निघालेल्या मुलाला पाण्यात केव्हातरी चार मीटरची लाट भेटेल, हे त्याने घरून निघतानाच हिशेबात धरावे.